वणवा विझतो, धूर विझत नाही



मोह गळायला लागला की आपल्या गडचिरोली जिल्ह्याच्या जंगलात आगी दिसू लागतात. रात्री डोंगराच्या अंगावर पेटलेली रेघ सरकताना दिसते. सकाळी गावावर निळसर थर बसलेला असतो. ऊन चढले की तो थर विरतो आणि आपण म्हणतो, "गेला धूर." वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा हंगाम धरते. या चार महिन्यांत किती हेक्टर जळाले, किती रोपवने गेली, याचा हिशेब कागदावर येतो. धुराचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो मांडायची वेळ आली आहे.

सांगायचे आहे ते थोडक्यात असे. डोळ्यांना दिसेनासा झालेला धूर संपलेला नसतो. वर हवेत, उन्हात त्याचे रूप बदलते आणि ते बदललेले रूप माणसाच्या छातीला आणि शेतातल्या उभ्या पिकाला, दोघांनाही बाधते. जिथे आग लागली तिथेच नव्हे, तर जिथे कोणी काडीही ओढली नाही अशा गावातही. आपल्या जिल्ह्याची दोन तृतीयांशाहून अधिक जमीन जंगलाखाली आहे. त्यामुळे हा प्रश्न फक्त वनखात्याचा नाही. तो शेतीचा, आरोग्याचा आणि ग्रामपंचायतीचाही आहे.

धुरात असते तरी काय?

लाकूड किंवा पाला पूर्ण जळाला तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. पण जंगलात पूर्ण जळणे कधी होत नाही. आग पुढे सरकते आणि मागे ओंडके, मुळे, पाल्याचे थर धुमसत राहतात. भडकून जळण्यापेक्षा धुमसण्यात धूर जास्त होतो, हे चुलीपुढे बसणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. या अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. फॉर्माल्डिहाइड, बेंझिन, ॲक्रोलिन असे सहज उडून जाणारे सेंद्रिय वायू निघतात. डोळे चुरचुरतात ते बरेचसे यांच्यामुळे. भडकलेल्या ज्वाळेतून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. आणि या सगळ्यांबरोबर काजळीचे व डांबरासारख्या पदार्थांचे अतिशय बारीक कण निघतात.

हे कण किती बारीक? वर्तमानपत्रात 'पीएम २.५' असा शब्द येतो. त्याचा अर्थ, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. धुरातले बहुतेक कण तर एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. रस्त्याची धूळ नाकात अडते, शिंकेबरोबर बाहेर पडते. हे कण मात्र थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात.

एका एकराचा हिशेब

शेतकऱ्याला आकडा दिला की गोष्ट लवकर पटते, म्हणून ढोबळ हिशेब करू. एक किलो सुका पाला-लाकूड जंगलात जळाले तर साधारण दीड किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड (हवेतला ऑक्सिजन मिसळतो म्हणून वजन वाढते), साठ ते नव्वद ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि सात ते नऊ ग्रॅम बारीक कण निघतात. आता समजा एका एकरावरचा एक टन पाला जळाला. म्हणजे आठ किलोच्या आसपास बारीक कण हवेत गेले.

आठ किलो म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण मर्यादा बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मानकाप्रमाणे चोवीस तासांच्या सरासरीत एका घनमीटर हवेत पीएम २.५ चे कण ६० मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत. एक घनमीटर म्हणजे मीटरभर लांब, रुंद आणि उंच पेटी. त्या पेटीत ६० मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण जेवणातल्या बारीक मिठाचा एक कण! जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तर ही पातळी १५ वर आणून ठेवली, म्हणजे त्या कणाचाही चौथा हिस्सा.

या मापाने आठ किलो कण सुमारे तेरा कोटी घनमीटर हवा मर्यादेपर्यंत भरतात. शंभर मीटर उंचीपर्यंतची हवा धरली, तर तीनशे एकरांहून अधिक क्षेत्रावरची हवा. म्हणजे एका एकराचा पाला जाळला आणि तीनशे एकरांची हवा भरली. पहाटे हवा थंड असते, वारा नसतो, आणि खोलगट भागातल्या गावांवर गार हवेचे झाकण बसल्यासारखे होते. तेव्हा धूर वर न जाता तिथेच साचतो. मोह वेचायची वेळ नेमकी तीच.

याच हिशेबातला दुसरा भाग शेतीचा आहे. सुक्या पाल्यात नत्र साधारण एक टक्का धरले, तर एक टन पाल्यात दहा किलो नत्र असते. युरियाच्या भाषेत सांगायचे तर बावीस किलो, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या गोणीचा जवळपास अर्धा भाग. पाला कुजला असता तर हे नत्र जमिनीत मुरले असते, पावसाच्या पाण्याबरोबर त्यातले काही खालच्या बांध्यांतही उतरले असते. पाला जळला की त्यातले बहुतेक हवेत जाते. काही अमोनिया होऊन, काही नायट्रोजनची ऑक्साइडे होऊन. जमिनीत जे खत झाले असते, तेच हवेत पुढच्या अपायाचे भांडवल होते. कसे, ते आता बघू.

उन्हात शिजणारा धूर

धूर वर चढला की आपण त्याला विसरतो. पण त्याचे खरे काम तिथून पुढे सुरू होते. नायट्रोजन डायऑक्साइड या वायूवर ऊन पडले की त्यातला ऑक्सिजनचा एक अणू सुटतो. तो हवेतल्या साध्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. उरलेला नायट्रिक ऑक्साइड तो अणू ओझोनकडून परत घेतो आणि व्यवहार बरोबरीत सुटतो. हातउसने दिले, परत घेतले. एवढेच असते तर ओझोन साचला नसता.

पण धुरात ते सेंद्रिय वायूही असतात. ते उन्हात मोडतात आणि नायट्रिक ऑक्साइडला ऑक्सिजन स्वतःच पुरवतात. मग त्याला ओझोनकडे हात पसरायची गरज राहत नाही. तो पुन्हा डायऑक्साइड होतो, पुन्हा ऊन, पुन्हा ओझोन. नायट्रोजनची ऑक्साइडे म्हणजे फिरते भांडवल झाले. तेच पुन्हा पुन्हा वापरात येते आणि दर फेरीला ओझोनची शिल्लक वाढत जाते. मार्च ते मेमधले आपल्याकडचे कडक ऊन या कामाला सगळ्यात अनुकूल.

ओझोन तर चांगला असतो, सूर्याच्या घातक किरणांपासून वाचवतो, असे शाळेत शिकवतात. बरोबर आहे, पण तो पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवरचा. चुलीतला विस्तव कामाचा असतो, तोच तणसाच्या ढिगात गेला तर घात करतो. ओझोनचे तसेच आहे. जमिनीलगतचा ओझोन हा दाहक वायू आहे. त्याला रंग दिसत नाही, म्हणून दुपारचे निळे आकाश बघून हवा स्वच्छ झाली असे समजू नका.

आणखी एक बारकावा आहे. धुराचा लोट अगदी दाट असतो तिथे ऊन आत शिरत नाही, त्यामुळे आगीच्या जवळ ओझोन फारसा वाढत नाही. लोट पातळ होऊन पुढे सरकला की वाढतो. शिवाय वाटेत मोठे शहर, औष्णिक वीजकेंद्र किंवा ट्रकची वर्दळ लागली, की तिथली नायट्रोजनची ऑक्साइडे आणि जंगलातले सेंद्रिय वायू एकत्र येतात आणि दोघे मिळून एकेकट्यापेक्षा जास्त ओझोन करतात. शेजारच्या चंद्रपुरात कोळशाच्या खाणी आहेत, मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे. म्हणून जंगलाचा धूर आणि कारखान्याचा धूर हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे समजण्यात अर्थ नाही. हवेत गेल्यावर ते एकच होतात.

बारीक कणांचेही तसेच. काही सेंद्रिय वायू हवेत मुरता मुरता जड होतात आणि त्यांचे नवे कण बनतात. जुने कणही रूप बदलतात, काही अधिक त्रासदायक होतात. म्हणजे दोन दिवसांचा शिळा धूर ताज्यापेक्षा सौम्य असतो, असे मानता येत नाही.

धूर किती लांब जातो?

नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा काही भाग धुराच्या लोटातच एका टिकाऊ वायूत बांधला जातो. शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात 'पॅन' म्हणतात. वरच्या थंड हवेत तो मोडत नाही, वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो. खाली उष्ण हवेत उतरला की मोडतो, बांधलेली नायट्रोजनची ऑक्साइडे मोकळी होतात आणि आग नसलेल्या ठिकाणी ओझोन तयार व्हायला लागतो.

जगात याची उदाहरणे कमी नाहीत. १९९७ साली इंडोनेशियातल्या आगींच्या धुराने सिंगापूर, मलेशियापर्यंत लोकांचा श्वास कोंडला. २०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळाले आणि ७ जून २०२३ रोजी शेकडो किलोमीटर दूरच्या न्यूयॉर्क शहराचे आकाश नारिंगी झाले. आपल्या बाजूला बघायचे तर मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य परिसरात लागलेल्या आगी विझवायला नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. गोव्यासारख्या ओल्या, हिरव्या मुलखात ही गत, तर आपल्या पानगळीच्या जंगलाचे काय सांगावे?

पिकाला काय होते?

ओझोनचा छडा लागला तो मुळात पिकामुळे, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या आसपास १९४० च्या दशकात पालकासारख्या पालेभाज्यांच्या पानांना चंदेरी, तांबूस चट्टे पडू लागले. रोग सापडेना, कीड सापडेना. हॅगन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बंद पेटीतल्या रोपांवर ओझोन आणि पेट्रोलची वाफ सोडून तसेच चट्टे पाडून दाखवले, आणि शहराच्या धुरक्यात उन्हामुळे काय घडते ते १९५० च्या सुमारास जगाला कळले. माणसाच्या आधी पानाने तक्रार केली होती.

पान ज्या बारीक छिद्रांतून श्वास घेते, त्याच छिद्रांतून ओझोन आत जातो. आतल्या पेशी पोळतात. पानाची ताकद अन्न बनवण्याऐवजी जखम भरण्यात जाते. पान लवकर पिवळे पडते, दाणा भरण्याचा काळ आखूड होतो, दाणा हलका राहतो. गहू, सोयाबीन आणि कडधान्ये याला जास्त बळी पडतात, धान त्या मानाने थोडे टिकते. आपल्याकडे वणव्याच्या हंगामात उन्हाळी धान, मूग, मका, भाजीपाला शेतात उभा असतो.

नुकसान किती, याचा एक अभ्यास मराठी मुलखातच झालेला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली तो प्रसिद्ध केला. २००५ या वर्षी देशात ओझोनमुळे सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकला, असा त्यांचा अंदाज होता. सुमारे ९ कोटी ४० लाख लोकांना पुरेल एवढे हे धान्य. हा सगळा ओझोन वणव्याचा नव्हे, वाहने, वीजकेंद्रे, कारखाने, चुली हे सगळेच त्याला जबाबदार आहेत. पण आपल्या भागात फेब्रुवारी ते मे या काळात वणव्याची भर त्यात पडते आणि ती भर टाळता येण्यासारखी आहे.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधोमध बारीक ठिपके दिसले म्हणून तो ओझोनच, असे ठरवू नका. कोळी, फुलकिडे, अन्नद्रव्याची कमतरता यांनीही पान तसेच दिसते. आधी पान उलटून बघा, भिंगाखाली कीड शोधा, कृषी सहायकाला दाखवा. आणि ओझोनवर फवारा म्हणून कोणी दुकानदार बाटली पुढे करील, तर पैसे खिशातच ठेवा. हवेतल्या ओझोनला शेतात औषध नाही. औषध आहे ते आग न लावण्यात.

छातीचा हिशेब

मोठा माणूस दिवसाला दहा-पंधरा घनमीटर हवा आत घेतो. कष्टाचे काम करणारा त्याहून जास्त. बारीक कण फुप्फुसात बसतात, त्यांतले काही रक्तात उतरतात. दमा वाढतो, हृदयविकाराला निमित्त मिळते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या लाल द्रव्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो, म्हणून आग विझवणाऱ्या माणसाचे डोके दुखते, चक्कर येते. गरोदर बाईने असा धूर घेतला तर बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. पहाटे मोह वेचायला जातात त्या बायका आणि लेकरे. घरी येऊन पुन्हा चूल. एकाच छातीवर दोन धूर.

शहरात हवेचा आकडा फलकावर लागतो. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून सुरू आहे, पण मोजणीची यंत्रे मुख्यतः शहरांत आणि औद्योगिक भागांत आहेत. जंगलाकडेच्या गावाला आकडा नाही. तोपर्यंत डोळ्यांचे माप वापरा. कोरड्या हवेत, धुके नसताना, पाच ते आठ किलोमीटरवरचा नेहमी दिसणारा डोंगर धुरात दिसेनासा झाला तर लेकरे, म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि दमेकरी यांना घरात ठेवा. तीन किलोमीटरवरचे झाड किंवा टाकी दिसेनाशी झाली तर सगळ्यांनीच जड काम पुढे ढकलावे. तोंडाला दुपट्टा बांधल्याने राख अडते, बारीक कण अडत नाहीत. त्यासाठी एन-९५ जातीचा मुखपट्टा लागतो. कार्बन मोनॉक्साइड त्यालाही दाद देत नाही, म्हणून आग विझवताना वाऱ्याकडे पाठ ठेवून, धुराच्या बाहेर राहूनच काम करा, आणि कधीही एकट्याने जाऊ नका.

आग लागते कुठून?

आपल्याकडे वणवा वीज पडून क्वचितच लागतो. बहुतेक आगी माणसाच्या हातच्या असतात. मोहाखालचा पाला जाळला की पांढरी फुले काळ्या जमिनीवर चटकन दिसतात. तेंदूची झुडपे जाळली की नवी पाने चांगली फुटतात, असा समज आहे. शेताचे धुरे जाळताना आग जंगलात शिरते. बिडीचे थोटूक, शिकारीसाठी लावलेली आग, जत्रेतल्या स्वयंपाकाचा विस्तव, ही आणखी कारणे.

यात मोह वेचणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवून वणवा थांबणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये हाताला दुसरे काम नसते, मोहाचे पैसे हाच त्या घराचा रोख आधार असतो. दहा झाडांखालचा पाला झाडायला दोन दिवस लागतात, काडी ओढायला क्षण लागतो. तिचे श्रम वाचवणारा दुसरा उपाय तिच्या हातात दिल्याशिवाय 'जाळू नका' म्हणणे हा कोरडा उपदेश आहे.

उपाय आहेत. मोहाखाली जाळी बांधली की फूल जमिनीला टेकतच नाही. माती नाही, राख नाही. छत्तीसगड, मध्य प्रदेशात अशी जाळी लावून फुले गोळा करण्याचे काम झाले आहे आणि अशा स्वच्छ, खाण्याजोग्या फुलांना जमिनीवरून वेचलेल्या फुलांपेक्षा चढा भाव मिळतो. आपल्या ग्रामसभांना पेसाचा अबंध निधी आहे, तेंदू आणि बांबूचे उत्पन्न आहे. त्यातून पहिल्या वर्षी निदान रस्त्याकडेच्या आणि दाट पाल्यातल्या मोहांना जाळ्या देता येतील. जाळी नसेल तिथे पाला झाडून ढीग करा, पण पेटवू नका. शेणखताच्या खड्ड्यात टाका.

तेंदूसाठी बेरडी कटाई करा. झुडूप जमिनीलगत कापले की फूट चांगली येते, त्यासाठी जंगल जाळावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणेच सोडले, कारण त्यापायी झाडे छाटली जातात आणि जंगलाला आग लागते. बांबूवर त्यांनी आपली मजुरी उभी केली. प्रत्येक गावाला ते जमेल असे नाही. पण आग ही तेंदूची अट नाही, एवढे तरी यावरून पटावे.

आणि आपले धुरे. शेतकरी बांधवांनो, हा भाग सरळ आपला आहे. जंगलाला लागून असलेला धुरा कोणत्याही कारणाने पेटवू नका. गवत कापा, जनावरांना घाला, उरलेले कंपोस्टला टाका. धानाचे उरलेले तणसही शेतात पेटवू नका. ज्या नत्रासाठी आपण जूनमध्ये रांगेत उभे राहतो, ते मार्चमध्ये आपणच धुरात सोडतो.

गावकामगारांचे काम

भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम ७९ गावात फारसे कोणी वाचलेले नसते. जंगलात हक्क वापरणारे, वनोपज घेणारे, गुरे चारणारे यांनी आणि जंगलालगतच्या गावात सरकारी नोकरी करणाऱ्या किंवा सरकारी मानधनावर गावाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने वणव्याची माहिती विनाविलंब जवळच्या वन किंवा पोलीस अधिकाऱ्याला द्यावी आणि आग विझवायला हात लावावा, असे बंधन त्यात आहे. म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल, शिक्षक, सगळे यात आले. "ते वनखात्याचे काम" हे उत्तर कायद्यात बसत नाही. दुसरे, कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात मुद्दाम किंवा मोठ्या निष्काळजीपणाने आग लावली गेली तर शासन त्या भागातले चराईचे व वनोपजाचे हक्क काही काळ थांबवू शकते. एकाच्या काडीची किंमत सगळ्या गावाला पडू नये. तिसरे, २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. अधिकार आला की राखणही आली.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेने जानेवारीतच चार गोष्टी ठरवाव्यात. जाळरेषा कोणी, कुठे आणि १५ फेब्रुवारीच्या आत कशा करायच्या. मोहाच्या कोणत्या झाडांना जाळी लावायची. आग दिसली तर पहिला फोन कोणी कोणाला करायचा, त्याचे क्रमांक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायचे. आणि आगीची वही ठेवायची: तारीख, जागा, कारण, धूर गावावर किती दिवस राहिला, त्या दिवसांत खोकल्याचे किती रुग्ण आले. आशा ताईंकडे ही माहिती असतेच. दोन-तीन हंगामांची अशी वही हाती असली, तर आमच्या गावाला हवा मोजायचे यंत्र द्या, असे तालुक्याला पुराव्याने सांगता येईल.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगींची सूचना मोबाइलवर मिळते. नाव कोणालाही नोंदवता येते, पैसे पडत नाहीत. सरपंच, पोलीस पाटील यांनी ते जरूर करावे. मात्र त्यावरच विसंबू नका. उपग्रह दुपारी आणि रात्री ठरावीक वेळी वरून जातो, मधल्या वेळची किंवा दाट झाडीखालची लहान आग त्याला दिसेलच असे नाही. गावचा माणूसच पहिला पहारेकरी.

शासनालाही दोन शब्द. हंगामी अग्निरक्षकांची मजुरी वेळेवर द्या. मोहाच्या जाळ्या योजनेच्या कागदावरून झाडाखाली फेब्रुवारीच्या आत येऊ द्या, मे महिन्यात आलेली जाळी काय कामाची? आणि तालुक्याला निदान एक तरी हवा मोजणारे यंत्र ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात बसवा. जे मोजले जात नाही त्यासाठी तरतूद होत नाही, हे फायली हाताळणाऱ्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

जंगल आपले, शेत आपले आणि छातीही आपलीच. या तिघांचा हिशेब एकाच धुरात गुंतलेला आहे. मोह गळायला सुरुवात होण्याआधी ग्रामसभा बोलवा, हा विषय पत्रिकेवर पहिला घ्या आणि ठराव लिहून घ्या.